शिलेदार ते रणगाड्यावरील सवार : चिलखती दलातील प्रवेश व सेवेचे बदलते स्वरूप

प्रस्तावना

मराठ्यांच्या लष्करी इतिहासाचा अभ्यास करताना शिलेदार आणि बारगीर हे दोन शब्द पदोपदी भेटतात. स्वतःचा घोडा व शस्त्रे घेऊन चाकरीस येणारा तो शिलेदार. ज्याला घोडा सरकारी पागेतून मिळे तो बारगीर. हा भेद केवळ वेतनाचा नव्हता. सैनिक आणि त्याचे युद्धसाधन यांचे नाते काय, ते साधन कोणाच्या मालकीचे, ते निकामी झाल्यास नुकसान कोणाचे, हे सारे प्रश्न त्यात गुंतलेले होते. सभासद बखरीत पागेची जी रचना दिली आहे, तीत पंचवीस बारगिरांवर एक हवालदार नेमल्याचे सांगताना त्या पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद दिल्याचाही उल्लेख येतो. घोडदळ म्हणजे केवळ घोडेस्वार नव्हेत, त्यांच्यामागे पाणी आणणारा व नाल ठोकणारा माणूस उभा असावा लागतो, याची जाण त्या नोंदीत स्पष्ट दिसते.

भारतीय भूदलाच्या चिलखती दलात, म्हणजे रणगाड्यांच्या दलात, सर्वांत खालच्या पायरीवरील सैनिकाचा हुद्दा आजही ‘सवार’ असाच आहे. त्याच्या वर दफेदार, नायब रिसालदार, रिसालदार, रिसालदार मेजर ही परंपरा तशीच चालू आहे. घोडा जाऊन आठ दशकांहून अधिक काळ लोटला, तरी शब्द राहिले. हा सवार दलात कसा दाखल होतो, त्याला काय शिकावे लागते, त्याचे प्रत्यक्ष काम कोणते, आणि शिलेदारी ते रणगाडा या प्रवासात त्या कामाचे स्वरूप कसे पालटले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. युद्धांचे वृत्तांत विपुल उपलब्ध आहेत. मात्र सैनिकी नोकरी हा श्रमाचा एक प्रकार आहे, त्यात कौशल्य, कालावधी व व्यवस्था असते, या दृष्टीने मराठीत फारसे लेखन झालेले आढळत नाही.

शिलेदारी पद्धतीचा वारसा आणि तिचा शेवट

कंपनी सरकारने घोडदळ उभारताना शिलेदारी पद्धत मराठी व मोगली व्यवस्थेतून उचलली आणि तिला इंग्रजी लेखणीत ‘सिल्लादार’ असे रूप मिळाले. पुणे हॉर्स या प्रसिद्ध रेजिमेंटचा जन्म या दृष्टीने विशेष लक्षणीय आहे. जून १८१७च्या पुणे तहाने दुसऱ्या बाजीरावास सहायक फौजेच्या खर्चासाठी मुलूख तोडून द्यावा लागला. त्यातून पुणे येथे जे घोडदळ उभे राहिले, ते या रेजिमेंटचे मूळ होय. पेशव्याच्या पैशांतून उभारलेल्या या घोडदळाची एक तुकडी अवघ्या काही महिन्यांनी, १ जानेवारी १८१८ रोजी, कोरेगाव भीमा येथे पेशव्याच्याच फौजेविरुद्ध लढली. रेजिमेंटच्या युद्धसन्मानांत कोरेगावचे नाव आहे.

एकोणिसाव्या शतकात शिलेदारी रिसाल्यात भरती होणे म्हणजे एका अर्थी भांडवल गुंतवणे होते. उमेदवाराला घोड्याची किंमत, म्हणजे ‘असामी’, भरावी लागे. घोडा मेल्यास दुसरा घेण्यासाठी ‘चंदा’ नावाचा सामाईक निधी असे. नोकरी सोडताना असामी परत मिळे. साहजिकच या रिसाल्यांत येणारा तरुण बहुधा बऱ्यापैकी जमीनधारक कुटुंबातला असे, आणि शेजारी सवार हा त्याचा भाऊबंद वा गाववाला असे. सरकारला हे स्वस्तात पडत असे. परंतु पहिल्या महायुद्धात रिसाले समुद्रापार गेले, घोडे व माणसे यांची झपाट्याने हानी होऊ लागली आणि असामी व चंदा यांचे गणित कोलमडले. घरोघरच्या बचतीवर उभी असलेली व्यवस्था अशा युद्धाला पुरी पडणे शक्यच नव्हते. युद्धानंतरच्या पुनर्रचनेत शिलेदारी पद्धत रद्द झाली आणि ३९ रिसाल्यांचे एकत्रीकरण होऊन २१ उरले. मराठी परिभाषेत बोलायचे तर सारेच सवार बारगीर झाले.

याच काळात आणखी एक बदल पूर्ण झाला होता, आणि महाराष्ट्राच्या दृष्टीने तो अधिक महत्त्वाचा आहे. १८८५ ते १८९३ या काळात सरसेनापती असलेल्या लॉर्ड रॉबर्ट्सने लढवय्या जातींच्या सिद्धान्ताला बळ दिले. दक्षिणेकडील व पश्चिमेकडील भरतीवर त्याचा विश्वास नव्हता. परिणामी घोडदळाची भरती उत्तरेकडे सरकली. पुण्याचे नाव धारण करणाऱ्या रेजिमेंटमध्ये राजपूत, जाट असे उत्तरेकडील जवान दिसू लागले, आणि दख्खनचे नाव असलेल्या डेक्कन हॉर्सचीही तीच गत झाली. मराठी सैनिकाची ओळख पुढे मराठा लाइट इन्फन्ट्री व महार रेजिमेंट या पायदळातून घडली. ज्या प्रांताने शिलेदार हा शब्द दिला, त्या प्रांतातील सामान्य तरुणाच्या वाट्याला सवार हा हुद्दा क्वचितच आला, ही विसंगती आपल्याकडे पुरेशी चर्चिली गेलेली नाही.

घोडा गेला, सवार राहिला

१ मे १९३८ रोजी सिंध हॉर्स या रेजिमेंटने रावळपिंडी येथे घोडे सोडून यंत्रवाहने स्वीकारली. तो दिवस आजही चिलखती दलाचा दिन म्हणून पाळला जातो. पुढील काही वर्षांत इतर रिसाल्यांचेही यांत्रिकीकरण झाले, पण वाहने माणसांइतक्या वेगाने आली नाहीत. मे १९४२मध्ये उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात जर्मन व इटालियन चिलखती दळांपुढे उभ्या ठाकलेल्या तिसऱ्या भारतीय मोटर ब्रिगेडमध्ये तीन जुने रिसाले होते आणि त्यांच्यापाशी रणगाडा एकही नव्हता. १९४५मध्ये ब्रह्मदेशातील मेक्तिला येथे मात्र प्रोबिन्स हॉर्स व डेक्कन हॉर्स शर्मन रणगाड्यांवर लढले. अवघ्या तीन वर्षांत घोड्याला खरारा करणाऱ्या पिढीने इंजिन, तोफ आणि बिनतारी यंत्र आत्मसात केले होते.

१९४७च्या फाळणीत १२ रेजिमेंटा भारताकडे व ६ पाकिस्तानकडे गेल्या. वर्गनिहाय भरतीमुळे एकाच रेजिमेंटमध्ये हिंदू, शीख व मुसलमान यांची स्वतंत्र स्क्वाड्रने होती. ती आता धर्मानुसार अदलाबदल करून वाटली गेली. ज्यांच्याबरोबर ब्रह्मदेशात लढले, त्यांच्याविरुद्ध अठरा वर्षांनी लढण्याची पाळी काही जणांवर आली. १ नोव्हेंबर १९४८ रोजी सातव्या कॅव्हलरीने लेफ्टनंट कर्नल राजिंदर सिंग ‘स्पॅरो’ यांच्या नेतृत्वाखाली सुमारे साडेअकरा हजार फूट उंचीच्या झोजिला खिंडीत हलके स्टुअर्ट रणगाडे नेले. गुप्तता राखण्यासाठी त्यांचे मनोरे काढून ते बालताल येथपर्यंत आणण्यात आले होते. त्या उंचीवर इंजिन चालू ठेवणाऱ्या चालकांचा व कारागिरांचा त्या विजयातील वाटा सेनापतींइतकाच मानला पाहिजे.

अहमदनगर येथील प्रशिक्षण

रणगाडा दलाचा अहमदनगरशी संबंध १९२०च्या दशकापासूनचा आहे; ब्रिटिश रॉयल टँक कोअरचे केंद्र १९२४मध्ये येथे आले. स्वातंत्र्यानंतर १९४८मध्ये प्रशिक्षण शाखा, नवभरती केंद्र, अभिलेख कार्यालय आणि आधीपासून येथे असलेले लढाऊ वाहनांचे विद्यालय यांचे एकत्रीकरण होऊन आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल स्थापन झाले. शहराचे नाव २०२४मध्ये अहिल्यानगर झाले. १९९४पासून येथे रणगाड्यांचे संग्रहालयही आहे, आणि सहलीच्या मुलांना तेथे जप्त केलेला पॅटन रणगाडा दाखवला जातो. नगरकरांना या केंद्राची ओळख बहुधा या संग्रहालयावरून वा खारे कर्जुने येथील के. के. रेंज या गोळीबार क्षेत्रावरून येणाऱ्या आवाजावरून असते. त्या क्षेत्रासाठी लागणाऱ्या जमिनीचा प्रश्न नगर, राहुरी व पारनेर या तालुक्यांतील गावकऱ्यांसाठी आजही जिव्हाळ्याचा आहे. रणगाडा चालवणारा घडवायचा, तर त्याला धावायला व तोफ डागायला मैलोन् मैल मोकळी जमीन लागते, आणि ती कोणाची तरी असते.

नव्याने दाखल झालेल्या जवानाला येथे प्रथम सर्वसाधारण सैनिकी शिक्षण मिळते : कवायत, शारीरिक क्षमता, रायफल, नकाशावाचन. त्यानंतर त्याची विभागणी व्यवसायानुसार होते. चालक, तोफची आणि बिनतारी संदेशक हे तीन मूळ व्यवसाय. चालकाला केवळ वाहन हाकणे पुरत नाही. इंजिनाच्या आवाजातील फरक, पट्ट्याचा ताण, हवेच्या गाळणीत साचलेली धूळ यांवरून यंत्राची प्रकृती ओळखावी लागते. तोफचीला नेम, अंतराचा अंदाज, दारूगोळ्याचे प्रकार आणि तोफ व दुर्बीण यांची जुळणी शिकावी लागते. रेजिमेंटमध्ये गेल्यावर काही काळाने तो दुसरा व्यवसायही शिकतो, कारण लढाईत एक जखमी झाल्यास दुसऱ्याला त्याची जागा घ्यावी लागते. या साऱ्यांत मुरलेला जवान पुढे रणगाड्याचा कमांडर होतो. त्याला वर्षे लागतात.

अधिकाऱ्याचा प्रवेश वेगळ्या वाटेने होतो. लष्करी अकादमीतून कमिशन मिळताना दलाची निवड होते आणि अनेकदा वडिलांच्या रेजिमेंटचा वारसा तेथे विचारात घेतला जातो. परंतु रेजिमेंटमध्ये आल्यावर नव्या लेफ्टनंटाने प्रारंभीचा काळ जवानांबरोबर राहून काढावा, स्वतः रणगाडा धुवावा, पट्टा चढवावा, तोफेची नळी साफ करावी, अशी प्रथा आहे. ज्याला पट्टा चढवता येत नाही, त्याने इतरांना तो आज्ञेने चढवायला लावू नये, हा यामागील हेतू असावा. त्यानंतर तो यंग ऑफिसर्स अभ्यासक्रमासाठी नगरला येतो.

रणगाड्यातील काम

एका रेजिमेंटमध्ये साधारणपणे ४५ रणगाडे असतात. तीन स्क्वाड्रनांत प्रत्येकी १४ आणि मुख्यालयाचे ३. तीन रणगाड्यांचा एक ट्रूप. यांपैकी प्रत्येक रणगाडा हा तीन किंवा चार माणसांचा संसार असतो. सेंच्युरियन, विजयंता व अर्जुन यांत चौघे असतात : कमांडर, तोफची, गोळा भरणारा संदेशक आणि चालक. टी-७२ व टी-९० या रशियन बनावटीच्या रणगाड्यांत गोळा यंत्राने भरला जात असल्यामुळे तिघेच पुरतात. वरवर पाहता ही काटकसर आहे. पण पट्टा तुटला, रात्रीचा पहारा द्यायचा असला, इंधन व दारूगोळा चढवायचा असला, की चौथ्या हाताची उणीव भासते. यंत्राने गोळा भरण्याचे काम घेतले. बाकीची कामे तिघांत वाटली गेली.

वाचकांच्या कल्पनेतील रणगाडा हा नेहमी तोफ डागत असतो. वस्तुतः सेवेतील बहुतांश दिवस देखभालीत जातात. निघण्यापूर्वी तपासणी, थांब्यावर तपासणी, परतल्यावर तपासणी. तेल, पाणी, बॅटरी, पट्ट्याच्या खिळी, चाकांचे रबर. तोफेच्या नळीत लांब दांडा घालून अनेकांनी मिळून ती पुसायची, आणि राजस्थानच्या धुळीत हे काम रोज करायचे. उन्हाळ्यात पोलाद हाताला पोळते. झाकणे बंद केली की जग एका काचेच्या पट्टीएवढे उरते. चालकाला आपल्या रणगाड्याची बाजू दिसत नाही, त्याने कमांडरच्या आवाजावर विसंबून चालायचे. सेंच्युरियनमध्ये गोळा भरणाऱ्याला अठरा-वीस किलोचा गोळा हलत्या मनोऱ्यात उचलून नळीत सारावा लागे, तोही तोफेच्या मागे येणाऱ्या धक्क्यापासून अंग राखून. कमांडरने झाकण उघडे ठेवून डोके बाहेर काढले तर त्याला रणभूमी दिसते आणि शत्रूला तो दिसतो. चिलखती युद्धांत कमांडर मोठ्या प्रमाणात मारले जातात, ते या कारणाने.

पखालजी आणि नालबंद येथेही आहेत. विद्युत व यांत्रिकी अभियंता दलाचे कारागीर प्रत्येक रेजिमेंटशी जोडलेले असतात. रणगाडा बंद पडला की ते येतात, अनेकदा गोळीबारातच. गौरवग्रंथांत त्यांना मिळणारी जागा मात्र बखरीतील नालबंदाएवढीच असते.

शांतताकाळही निर्धोक नसतो. ऑक्टोबर २०२२मध्ये झाशीनजीकच्या बबिना येथे सराव चालू असताना टी-९० रणगाड्याच्या तोफेची नळी फुटून दोघांचा मृत्यू झाला. जून २०२४मध्ये पूर्व लडाखमध्ये नदी ओलांडण्याच्या सरावात पाण्याची पातळी अकस्मात वाढून टी-७२मधील पाच सैनिक वाहून गेले.

१९६५ आणि १९७१ : प्रशिक्षणाची कसोटी

सप्टेंबर १९६५मध्ये खेमकरण भागातील असल उत्तर येथे पाकिस्तानी पॅटन रणगाड्यांसमोर सेंच्युरियन, शर्मन व हलके एएमएक्स रणगाडे उभे होते. पॅटनमध्ये अंतर मोजण्याची अधिक प्रगत यंत्रणा होती. तथापि ती वापरण्यास लागणारा वेळ व कौशल्य त्यांच्या चमूंपाशी पुरेसे नव्हते, असे बहुतेक लष्करी अभ्यासकांचे मत आहे. भारतीय तोफची साध्या पद्धतीने अंतर ठरवून, वारंवार केलेल्या सरावाच्या बळावर, लवकर गोळा डागत होते. कालवे फोडून भिजवलेली शेते, उसाचे आडोसे आणि अब्दुल हमीद यांच्यासारख्या पायदळाच्या तोफची यांचाही या यशात मोठा भाग होता. श्रेय एकट्या रणगाडा दलाला देणे इतिहासाला धरून होणार नाही. डेक्कन हॉर्सचे नेतृत्व तेथे लेफ्टनंट कर्नल अरुणकुमार वैद्य करीत होते. पुढे सरसेनापती झालेले हे मराठी सेनानी ऑगस्ट १९८६मध्ये पुण्यात मारेकऱ्यांच्या गोळ्यांना बळी पडले.

त्याच सुमारास सियालकोट आघाडीवर पुणे हॉर्सचे समादेशक लेफ्टनंट कर्नल अर्देशीर बर्झोरजी तारापोर होते. त्यांच्या रणगाडा दलातील प्रवेशाची हकीकत बोलकी आहे. मुंबईत जन्मलेले व पुण्यात शिकलेले तारापोर हैदराबाद संस्थानच्या पायदळात होते आणि तेथे त्यांचे मन रमत नव्हते. बॉम्बफेकीच्या सरावात एका शिकाऊ सैनिकाचा जिवंत बॉम्ब जवळच पडला. तो त्यांनी उचलून दूर फेकला व स्वतः जखमी झाले. संस्थानचे सेनापती एल एद्रूस यांनी बोलावून कौतुक केले तेव्हा तारापोर यांनी चिलखती रेजिमेंटमध्ये बदली मागून घेतली, असे सांगितले जाते. हैदराबादच्या विलीनीकरणानंतर ते पुणे हॉर्समध्ये आले. सेंच्युरियनचे शिक्षण त्यांनी इंग्लंडमध्ये घेतले होते. ११ सप्टेंबरला फिलोरा येथे जखमी होऊनही त्यांनी माघारी जाण्यास नकार दिला आणि १६ सप्टेंबरला बुतुर डोग्रांडी येथे ते कामी आले. परमवीर चक्राच्या प्रशस्तिपत्रानुसार त्यांच्या रेजिमेंटने ९ रणगाडे गमावून शत्रूचे सुमारे ६० रणगाडे निकामी केले. चाळीस-बेचाळीस वर्षांच्या समादेशकाची ही तयारी दोन दशकांची होती.

याच रेजिमेंटच्या इतिहासात सहा वर्षांनी अगदी उलट उदाहरण सापडते. पुण्यात जन्मलेल्या सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल याला जून १९७१मध्ये कमिशन मिळाले. युद्धाची चिन्हे दिसू लागली तेव्हा तो नगरला यंग ऑफिसर्स अभ्यासक्रम करीत होता. तो अर्धवट टाकून त्याला रेजिमेंटमध्ये परतावे लागले. शिक्षण अपुरे असल्याने समादेशक हनूत सिंग त्याला आघाडीवर पाठवण्यास प्रथम राजी नव्हते, असे त्या काळच्या आठवणींतून कळते. १६ डिसेंबर रोजी बसंतर नदीपलीकडे, सुरुंगक्षेत्र पुरते साफ झालेले नसतानाच, रेजिमेंट पुढे गेली. जरपाल येथे पाकिस्तानी रणगाड्यांशी समोरासमोर लढताना खेत्रपालच्या रणगाड्यावर गोळा बसून आग लागली. मागे येण्याची आज्ञा झाली असता तोफ अजून चालते आहे, असे कळवून तो लढत राहिला व मारला गेला. त्याच्या नावाने शाळांचे धडे आहेत. परंतु ती तोफ चालत होती, कारण तोफची नथू सिंग तिच्यापाशी होता, चालक प्रयाग सिंग होता, आणि त्याच लढाईत कामी आलेला संदेशक नंद सिंग होता. सहा महिन्यांच्या अधिकाऱ्याचे अपुरेपण मुरलेल्या चमूने भरून काढले, असा या घटनेचा एक अर्थ लावता येतो. तो खेत्रपालच्या शौर्याला उणेपणा आणणारा नाही.

सेवेची मुदत

जून २०२२मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेचा विचार या पार्श्वभूमीवर करावा लागतो. तीनुसार जवानाची भरती चार वर्षांसाठी होते, प्रशिक्षणाचा काळही त्यातच धरला जातो, आणि मुदत संपल्यावर २५ टक्क्यांपर्यंत जवानांना कायम सेवेत घेण्याची तरतूद आहे. पहिल्या तुकडीचे प्रशिक्षण जानेवारी २०२३मध्ये सुरू झाले. निवृत्तिवेतनावरील भार, सैन्याचे सरासरी वय हे समर्थकांचे मुद्दे गैरलागू म्हणता येणार नाहीत. शिलेदारी पद्धतही सरकारला स्वस्त पडत होती, आणि १९१४पर्यंत ती उत्तम चालते असेच सर्वांचे मत होते.

प्रस्तुत लेखकाला वाटणारी शंका मर्यादित आहे. पायदळातील जवानाची आणि रणगाड्यातील चमूची घडण एकाच मापाने मोजता येईल का? एका व्यवसायात प्रावीण्य, नंतर दुसरा व्यवसाय, त्यानंतर कमांडरची जागा, हा क्रम चार वर्षांत कोठवर पोहोचतो? चमूतील चौघांपैकी वा तिघांपैकी किती जण दर काही वर्षांनी बदलले तरी चालेल? ड्रोनमुळे रणगाड्याचे दिवस भरले, असे २०२२पासूनच्या युक्रेन युद्धाच्या आधारे म्हणणारेही आहेत. परंतु २०२०मध्ये पूर्व लडाखमध्ये तणाव वाढताच टी-७२ व टी-९० त्या उंचीवर न्यावे लागले, आणि कडाक्याच्या थंडीत इंजिने गोठू नयेत म्हणून चालक रात्रीतून उठून ती चालवीत राहिले. त्या चालकांपैकी प्रत्येकजण नगरच्या मैदानावर कधी तरी पहिल्यांदा रणगाड्यात बसला होता. त्याला तेथून लडाखपर्यंत पोहोचायला किती वर्षे लागली, ही नोंद रेजिमेंटांच्या दप्तरांत असते. मुदतीचा वाद ज्यांना सोडवायचा आहे, त्यांनी ती दप्तरे उघडावीत.